शाळू राखायचा कुणी?

परदेशात गेलेल्या माणसाला घरचं नेमकं काय आठवतं, यावर माझ्या दोन आतेबहिणींचं कधी एकमत झालेलं नाही. दोघींचं माहेर नांदेड, गोदावरीकाठच्या जुन्या वस्तीतलं. थोरली लग्न होऊन लातूरला आली आणि इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. धाकटी अकरावी-बारावीला तिच्याच घरी राहिली, पुढं अभियंता झाली आणि आता जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नोकरी करते. गेल्या मार्गशीर्षात ती वेळ अमावस्येला लातूरला आली होती. अमावस्येच्या आदल्या रात्री दोघी भज्जीसाठी भाजी निवडत, हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तिथं हा विषय निघाला तो मध्यरात्र उलटून गेली तरी संपला नाही. मी बहुतेक वेळ ऐकत होतो. आमच्या भागातल्या किती तरी घरांत आज हाच वाद फोनवरून चाललेला असतो, म्हणून तो इथं लिहितो आहे.

थोरली : दर रविवारी फोनवर तुझं तेच. भाकरी नाही, येसर नाही, कारळाची चटणी नाही. तिथं तुला कमी काय आहे गं? डाळ मिळते, मसाला मिळतो, ज्वारीचं पीठपण मिळतं म्हणतीस. मग आठवण कशाची येते?

धाकटी : मिळतं आक्का, पण ते पीठ एकदा हातात घेऊन बघ. दळून किती महिने झाले, देव जाणे. पिठाची विरी गेलेली असते. उकळतं पाणी घातलं तरी गोळा एकजीव होत नाही, थापायला घेतला की कडा फाटतात. गव्हाचा चिकटपणा ज्वारीला मुळातच नाही. ताजं पीठ आणि कढत पाणी, एवढ्यावरच भाकरी होते. आपण आठ दिवसांचं दळण आणायचो. डबा घेऊन गल्लीच्या टोकाला जायचं, गिरणीवाल्या काकांनी आधीच्या बाईचा गहू काढून मूठभर ज्वारी टाकायची, मग आपलं दळण. मी भाकरी म्हणते तेव्हा मला ती गिरणी पाहिजे असते. गिरणी बॅगेत कशी नेऊ?

थोरली : आणि ती भाकरी थापत कोण होतं?

धाकटी : आई.

थोरली : आई. पहाटे उठून, दोन वेळच्या मिळून वीस-पंचवीस. आजोबांना कडक लागायची, बाबांना मऊ. उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. तू अभ्यासाला बसलेली असायचीस आणि मी तुला उठू देत नव्हते. तुला भाकरी आठवते, आईची कंबर आठवत नाही. परदेशात गेलेल्यांचं मला हेच पटत नाही. ताट आठवतं, पण ते वाढणाऱ्या बाईला काय पडत होतं ते आठवत नाही.

धाकटी : तिथं गेल्यावर पहिल्यांदा आठवलं, हे खरं आहे. नांदेडात असताना मला एक भाकरी थापता येत नव्हती. तिथं शिकले. काचेची सपाट शेगडी, जाळ नाही, त्यामुळं तव्यावरून उतरवून निखाऱ्याला लावायची सोय नाही. कापडानं दाबत दाबत तव्यावरच फुगवायची. तीन भाकऱ्या केल्या की मनगट दुखतं. मग कळलं की आई रोज काय करत होती. घरी राहिले असते तर कदाचित कधीच कळलं नसतं. आठवणीनं मला आईचं काम शिकवलं, ते तू माझ्या पदरात घालायला तयार नाहीस.

इथं थोरली थोडा वेळ गप्प झाली. पण तिचा आक्षेप भाकरीपुरता नव्हता. तिचं सासर औसा तालुक्यातलं, सासूबाईंचं माहेर किल्लारीकडचं. घराची आठवण म्हटली की तिला १९९३चा भूकंप दिसतो.

थोरली : तीस सप्टेंबरची पहाट. चार वाजायला चार-पाच मिनिटं होती. सासूबाईंचं माहेर त्या पहाटे गेलं. मागं राहिलेल्यांना पुढं नव्या गावात घरं मिळाली. सरळ रस्ते, ओळीत घरं, मध्ये मोकळी जागा. तरी सासूबाई मरेपर्यंत माळवदाची आठवण काढायच्या. उन्हाळ्यात आत किती गार असायचं, वर वाळवण कसं घालायचो, रात्री सगळे माळवदावर कसे झोपायचो. त्या बोलायला लागल्या की मला रडू यायचं, आणि रागही यायचा. कारण तेच माळवद अंगावर पडलं होतं. दगडाच्या जाड भिंती, मातीत रचलेल्या, आणि त्यावर मातीचं एवढं ओझं. झोपलेली माणसं त्याच्याखाली गेली. आठवणीला हे दिसत नाही का?

या ठिकाणी वाचकाला थोडं सांगायला हवं. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारोंनी माणसं गेली, आणि ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली. जुन्या गावापासून थोड्याच अंतरावर ही माणसं राहायला गेली, पण त्यांचं घर मात्र परदेशात राहावं तसं दूर झालं. बोळ गेले, एकमेकांना लागून असलेली दारं गेली, शेत लांब पडलं. घरच्या रोजच्या गोष्टींसाठी झुरायला विमानात बसावं लागतं असं नाही, हे लातूर जिल्ह्याला तीस वर्षांपासून माहीत आहे. थोरलीचं म्हणणं मला म्हणून वजनदार वाटतं. तिला आठवण नको आहे असं नाही. आठवणीनं खरं बोलावं, एवढंच ती मागते.

धाकटी : पण सासूबाईंना माळवद म्हणजे दगडमाती नको होती आक्का. त्यांना रात्री वर झोपलेली सगळी माणसं पाहिजे होती. त्यातली किती राहिली होती? तू माळवदाचा दोष काढतेस आणि त्या माणसांची नावं घेत होत्या.

थोरली : (बऱ्याच वेळानं) तेही असेल.

मग बोलणं बॅगेकडं वळलं. धाकटीची बॅग भरायला अजून आठवडा होता, पण थोरलीनं काय काय द्यायचं ते मनात पक्कं केलं होतं. बोरसुरीची तूरडाळ, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काळं तिखट. जवसाची आणि कारळाची चटणी. येसर, म्हणजे धान्यं आणि डाळी भाजून मसाल्यांसोबत दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नघरी पहिल्यांदा येसर आणि मेतकूट होतं, आणि मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत जातं. पाहुणे अचानक आले तर त्याच्या आमटीवर घर निभावतं.

थोरली : घरचं तूप पण देते. लोणी कढवून ठेवलंय.

धाकटी : तूप नको आक्का, चालत नाही. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचं काहीच सोबत आणता येत नाही. तूप, खवा, पेढा, सगळं विमानतळावर काढून घेतात. उजनीची बासुंदी तर विचारूच नको.

थोरली : अगं, घरच्या म्हशीचं आहे. त्याचं त्यांना काय वावडं?

धाकटी : जनावरांच्या रोगांमुळं. लाळ्या-खुरकत त्यांच्याकडं जाऊ नये म्हणून. त्यांचीही गुरं आहेत, त्यांचाही शेतकरी आहे. मला तो नियम चुकीचा वाटत नाही. मी तिथलं बिनमिठाचं लोणी आणून कढवते, तूप चांगलं होतं. तू म्हणतेस ना, तिथलं तिथं शोध, ते मी करतेच. तिथं रायचा काळा पाव मिळतो, आंबूस, जड. हलक्या रेताड जमिनीत, थंडीत येणारं ते धान्य. गरिबाचं अन्न होतं ते. आपल्या आंबिलाची ज्याला सवय आहे त्याला तो पाव लवकर आवडतो. पण तो आवडला म्हणून ही भाकरी विसरायची, असं कुठं आहे?

थोरली : विसर म्हणाले नाही मी. झुरू नकोस म्हणाले.

धाकटी : झुरते ते खाण्यासाठी नाही. माझं इथलं कुणाला माहीतच नसतं, त्याचं वाईट वाटतं. तिथं मराठी मंडळी खूप आहेत, गणपती होतो, दिवाळी होते. पंगतीला मोदक असतात, श्रीखंड असतं, मसालेभात असतो. सगळं चांगलं. पण मराठी जेवण म्हणजे तेवढंच. येसर कुणी ऐकलेलं नाही. वेळ अमावस्या म्हटलं की विचारतात, ही कुठली? लातूर म्हटलं की भूकंप, नाहीतर पाण्याची रेल्वे. नांदेड म्हटलं की बऱ्याच जणांना नकाशात बोट ठेवता येत नाही.

थोरली : मग तू कर आणि ने.

धाकटी : नेली की. येसराची आमटी नेली होती गेल्या गणपतीला. पातेलं रिकामं झालं. पण तुला सांगते, माझ्या गावाची ओळख मला सगळ्यांत आधी कुठं मिळाली? तिथल्या एका गुरुद्वाऱ्यात. मैत्रिणीसोबत गेले होते. एका म्हाताऱ्या सरदारजींनी विचारलं, बेटी, कुठली? मी सवयीनं मुंबईजवळची म्हणणार होते, पण तोंडातून नांदेड आलं. ते उठून उभे राहिले. हजूर साहिबची मुलगी आली म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. लंगरमध्ये मला आग्रह करकरून वाढलं. आक्का, आपण लहानपणी शाळेतून येताना गुरुद्वाऱ्यात पाणी प्यायला थांबायचो, होळीला हल्लाबोल बघायला ओट्यावर उभं राहायचो. ते आपलं रोजचं होतं. त्या माणसानं त्यासाठी जन्मभर पैसे साठवले असतील.

हे ऐकताना मला नांदेड नव्यानं दिसलं. गुरू गोविंदसिंग यांचं १७०८ मध्ये तिथं देहावसान झालं, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक तिथं आहे, सचखंड एक्सप्रेस तिथून अमृतसरला जाते, हे आम्ही शाळेपासून पाठ केलेलं. पण कानाला त्याहून जास्त सवयीचं काय होतं? एकाच बाजारात मराठी, दखनी, पंजाबी आणि देगलूर-धर्माबादकडून आलेल्यांचं तेलुगू. धर्माबादची मिरची विकणारा एका वाक्यात तीन भाषा बोलायचा आणि कुणी वळून बघत नसे. परदेशात भाषा बदलली म्हणून नांदेडचा माणूस फारसा बिचकत नाही. त्याला एकच एक भाषा सगळीकडं ऐकू येते, त्याचं सुनंसुनं वाटत असावं. हे माझं मत, धाकटीनं मात्र ते ऐकून मान हलवली.

खरा वाद यानंतर झाला, शाळूवरून, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवरून.

धाकटी : उद्या वावरात हुरडा असेल ना? शाळू कसा आलाय?

थोरली : शाळू नाही या वर्षी. हरभरा आहे सगळा. हुरड्याला शेजारच्यांकडून कणसं आणू.

धाकटी : म्हणजे? आपल्याच वावरात शाळू नाही?

थोरली : खरिपातली हायब्रीड ज्वारी केव्हाच गेली, तिथं सोयाबीन आलं. शंभर दिवसांत हातात पैसे. त्यावर हरभरा. यंत्र आणलं की दोन तासांत रान मोकळं. शाळू पेरायचा म्हणजे चार-पाच महिने थांबायचं. दाणा भरला की पाखरं राखायला माणूस पाहिजे, दिवस उगवल्यापासून गोफण घेऊन. आणि काढणी? मुळासकट उपटावा लागतो हातानं. भेगा पडलेल्या काळ्या रानात दिवसभर वाकून उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची. तळहाताची साल निघते. बाया येत नाहीत आता, आणि का याव्यात? कडब्यासाठी म्हणून परवडायचा, तर जनावरं विकली. दावणीला एक म्हैस उरली.

धाकटी : आणि घरात भाकरी?

थोरली : होते ना. एक वेळ. पोरं पोळी मागतात. रेशनला गहू येतो, आणि चांगला शाळू घ्यायला गेलं तर गव्हापेक्षा महाग. २०२३ ला भरडधान्याचं वर्ष झालं, जगभर. आमच्या कॉलेजातपण भाषणं झाली, मीच सूत्रसंचालन केलं. त्यानं उपटणाऱ्या बाईची मजुरी वाढली नाही.

धाकटी : मग मला सांग आक्का, घर सोडलं कुणी? मी तिथं विरी गेलेल्या पिठाशी झगडते, आणि तुम्ही इथं काळ्या रानात राहून भाकरी सोडायलात. अमेरिकेत ढिगानं ज्वारी पिकते, जनावरांना घालतात, इंधन करतात. त्यांना तिची भाकरी माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीच पेरली नाही, तर मी परत येऊन काय खाऊ?

थोरली : (आवाज चढवून) हे बोलणं तिथून सोपं आहे. तुझा पगार युरोत होतो. शाळूत तोटा आला तर तो माझ्या दिराच्या अंगावर येतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, तेव्हा आम्ही टँकरखाली घागरी लावून उभ्या होतो. तू तेव्हा तिथं होतीस. तुझ्या आठवणीसाठी आम्ही जुनं जगणं जगत राहायचं का? तुम्ही सुट्टीला याल, हुरडा खाल, फोटो काढाल आणि जाल.

धाकटी : तसं नको. मी पैसे देते.

थोरली : दान नको आम्हाला.

धाकटी : दान कुठं? मी विकत घेते. दिराला विचार, पुढच्या रब्बीला एक एकर शाळू पेरा. बियाणं, राखण, उपटणाऱ्या बायांची मजुरी, त्या मागतील ती, सगळं मी आधी देते. धान्य तुम्ही खा, कॉलेजातल्या बायकांना विका, वसतिगृहाच्या खानावळीला द्या. नांदेड-परभणीहून आलेली सोळा वर्षांची पोरं तुझ्या वर्गात बसतात ना, बारावीसाठी घर सोडलेली? त्यांचं घर तर शे-दीडशे किलोमीटरवरच आहे, पण मेसमध्ये भाकरी मिळत नाही म्हणून तीही झुरतात. तूच सांगितलंस मागं. मला वर्षाला दहा किलो धान्य दे. पीठ नको, धान्य. तिथं छोटी घरगुती चक्की मिळते, मी दर आठवड्याला दळीन.

थोरलीनं लगेच होकार दिला नाही. तिनं हिशेब विचारला. पाऊस उशिरा झाला तर? पाखरांनी खाल्लं तर? धाकटीनं सांगितलं, तरीही मजुरी द्यायचीच, तोटा माझा. दुसऱ्या दिवशी वावरात कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले, पूजा झाली, बिंदग्यातलं आंबिल, भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन झाले. लातूरची बाजारपेठ त्या दिवशी बंद असते, ज्याला वावर नाही त्यालाही कुणीतरी बोलावून नेतं, त्यामुळं पंगत मोठी होती. तिथंच दिरासमोर हा व्यवहार पुन्हा निघाला. दिरानं एकरभर नको, अर्धा एकर करू, असं सांगितलं. कोपीसाठी कडबाही या वर्षी विकत आणावा लागला, ही गोष्ट त्याला लागली होती.

दोघींपैकी मला कुणाचं पटतं? थोरलीचं जास्त. दूर गेलेल्याची आठवण फार वेळा इथल्या माणसाकडून फुकट कष्ट मागते. आईनं थापावं, वहिनीनं चटण्या कुटाव्यात, दिरानं तोट्यातलं पीक राखावं, आणि आपण डोळे ओले करून खावं. पण धाकटीनं त्या रात्री तसं केलं नाही. तिनं भाकरी थापायला शिकून घेतली होती, आणि ज्या पिकासाठी ती झुरते त्याची मजुरी नि जोखीम स्वतःवर घेतली. आणि तिचा प्रश्न इथं राहणाऱ्यांना चुकवता येणार नाही. ज्वारीची काळी जमीन आपल्या पायाखाली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरून, रानातल्या ओलीवर, पाण्याची पाळी न देता येणारं हे पीक पाण्याची रेल्वे पाहिलेल्या जिल्ह्यानं सोडून द्यावं, हे मला बरोबर वाटत नाही.

म्हणून लातूर-नांदेडच्या वाचकांना, आणि त्यांच्या बाहेरगावी-परदेशी असलेल्या लेकी-लेकांना माझी एकच विनंती आहे. ज्यांचं वावर आहे त्यांनी येत्या रब्बीत चार तासं तरी शाळूची ठेवावीत. ज्यांचं घर आता दूर आहे आणि ज्यांना त्या भाकरीची आठवण येते, त्यांनी पेरणीआधी घरी फोन करावा आणि उपटणाऱ्या बाईची मजुरी आपण देऊ म्हणून सांगावं. बाईंना आगाऊ विचारा, त्या सांगतील तोच दर धरा.